ख्रिस्ती माणसाने काय खावे? बायबलमधल्या आहारनियमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल पहिल्या पानापासून सलग वाचायला घेतलेला माणूस लेवीय पुस्तकाच्या ११ व्या अध्यायापाशी हमखास थबकतो. डुक्कर नको, ससा नको, खेकडा नको, टोळ मात्र चालेल. मग तो एखाद्या ख्रिस्ती मित्राच्या ताटाकडे पाहतो आणि विचारतो, “हे तुमच्याच शास्त्रात लिहिलंय ना?” प्रश्न रास्त आहे. “ते जुन्या करारातलं आहे” एवढ्या तुटक उत्तराने त्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. बायबल अभ्यासवर्गात, जेवणाच्या टेबलावर आणि नव्याने विश्वासात आलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे घेतले आहेत. पंथापंथांत मतभेद असतील तिथे ते सांगितले आहेत, आणि माझे मत आहे तिथे ते माझे म्हणून मांडले आहे.

बायबलमध्ये आहाराचे नेमके कोणते नियम आहेत?

सर्वांत ओळखीचे नियम जुन्या करारातल्या लेवीय (अध्याय ११) आणि अनुवाद (अध्याय १४) या पुस्तकांत आहेत. जमिनीवरच्या प्राण्यांपैकी ज्याचा खूर दुभंगलेला आहे आणि जो रवंथही करतो, तोच खायचा. उंट रवंथ करतो पण खुराच्या कसोटीत बसत नाही. डुकराचा खूर दुभंगलेला आहे पण ते रवंथ करत नाही. म्हणून दोन्ही वर्ज्य. पाण्यातल्या जिवांना पर आणि खवले दोन्ही हवेत, त्यामुळे कोळंबी, खेकडे, शिंपल्या, कालवे गेली. पक्ष्यांसाठी लक्षण सांगितलेले नाही, सरळ यादी दिली आहे. गरुड, गिधाड, घुबड, कावळा असे बरेचसे शिकारी किंवा मेलेले खाणारे पक्षी तिच्यात आहेत. कीटकांपैकी टोळांना मुभा आहे. बाप्तिस्मा करणारा योहान रानात टोळ खाऊन राहत होता, ते नियमाला धरूनच होते.

याशिवाय रक्त खायचे नाही, बैल, मेंढा आणि बकरा यांची चरबी खायची नाही, आपोआप मेलेले जनावर खायचे नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तर तीनदा आली आहे, दोनदा निर्गममध्ये आणि एकदा अनुवादमध्ये. यहुदी घरांत मांस आणि दुधाचे पदार्थ वेगळे ठेवण्याची सगळी पद्धत याच आज्ञेवर उभी राहिली.

एक गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल. रक्ताची बंदी मोशेच्या नियमशास्त्राहून जुनी आहे. जलप्रलयानंतर देवाने नोहाला सगळे चालतेफिरते प्राणी खायला दिले तेव्हाच, उत्पत्ति ९:४ मध्ये, रक्तासकट मांस खाऊ नका असे सांगितले. तेव्हा इस्राएल नावाचे राष्ट्रच नव्हते.

हे नियम आरोग्यासाठी होते ना? डुकराच्या मांसातून रोग होतात म्हणून?

हे उत्तर फार लोकप्रिय आहे, पण बायबलमध्ये ते नाही. लेवीय ११ च्या शेवटी कारण दिले आहे: मी पवित्र आहे म्हणून तुम्हीही पवित्र व्हा. इस्राएल हे वेगळे काढलेले लोक आहेत याची आठवण त्यांना रोज, ताटावर बसताना व्हावी, हा हेतू आहे.

आरोग्याच्या कारणाविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा अनुवाद १४:२१ मध्ये आहे. आपोआप मेलेले जनावर तुम्ही खाऊ नका, पण तुमच्यात राहणाऱ्या उपऱ्याला ते द्या किंवा परक्याला विका, असे तिथे म्हटले आहे. उपऱ्यावर प्रीती करा असे ज्या पुस्तकात सांगितले आहे, तेच पुस्तक त्याच्या हातात विष द्यायला सांगेल का? नियम इस्राएलच्या ओळखीचा होता, पोटाच्या तब्येतीचा नव्हता. मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ मध्ये मांडले की जो प्राणी आपल्या वर्गाच्या चौकटीत नीट बसत नाही तो अशुद्ध ठरतो, उदाहरणार्थ पाण्यात राहून पर-खवले नसलेला जीव. त्यांचे सगळेच म्हणणे अभ्यासकांना पटले नाही, पण आरोग्याच्या सरधोपट उत्तरातून चर्चा बाहेर निघाली ती बरीचशी त्यांच्यामुळे.

येशू स्वतः हे नियम पाळत होता का?

हो. तो यहुदी घरात जन्मला, यहुदी म्हणून जगला. त्याने डुक्कर खाल्ल्याचा एकही प्रसंग शुभवर्तमानांत, म्हणजे त्याच्या जीवनाच्या वृत्तान्तांत, नाही, आणि त्याच्या विरोधकांनी त्याच्यावर केलेल्या आरोपांतही तो नाही. पापी लोकांबरोबर जेवतो, शिष्य हात न धुता जेवतात, असे आरोप मात्र आहेत.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायातला वाद सुरू होतो तो या हात धुण्यावरूनच. तो वडीलजनांचा संप्रदाय होता, लेवीयमधली आज्ञा नव्हे. पण येशू तिथे थांबत नाही. बाहेरून आत जाणारे काहीही माणसाला अशुद्ध करत नाही, कारण ते हृदयात नाही, पोटात जाते. आतून निघते ते माणसाला अशुद्ध करते, असे तो म्हणतो आणि मग चोरी, खून, लोभ, कपट, हेवा, निंदा, अहंकार अशी यादी देतो. यावर मार्क आपल्या बाजूने पुस्ती जोडतो की असे म्हणून त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवले. मत्तयाने हाच प्रसंग १५ व्या अध्यायात सांगितला आहे, पण ही पुस्ती तिथे नाही. त्यामुळे, येशूचे बोलणे फक्त हात धुण्यापुरते होते असे काही लोक म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. मार्कने ते वाक्य लिहिले तेव्हा मंडळीत हा प्रश्न पेटलेला होता, आणि उत्तर येशूच्याच शिकवणीतून येते हे त्याला दाखवायचे होते.

पेत्राला दिसलेली चादर अन्नाबद्दल होती की माणसांबद्दल?

दोन्हींबद्दल, आणि तेच त्या गोष्टीचे मर्म आहे.

प्रेषितांची कृत्ये १० मध्ये येशूचा शिष्य पेत्र यापो गावी एका चांभाराच्या घरी उतरला आहे. दुपारी भूक लागलेली असताना त्याला स्वर्गातून एक चादर उतरताना दिसते. तिच्यात सर्व प्रकारचे प्राणी आहेत, आणि आवाज येतो, मारून खा. पेत्र म्हणतो, मी निषिद्ध काही कधीच खाल्लेले नाही. असे तीनदा होते. तेवढ्यात कैसरियाहून कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसे दारात येतात. पेत्र त्याच्या घरी जातो आणि दृष्टान्ताचा अर्थ स्वतःच सांगतो: कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखवले.

म्हणजे अर्थ माणसांचा आहे. पण यरुशलेमेत परतल्यावर पेत्रावर आरोप काय होतो? सुंता न झालेल्या लोकांकडे जाऊन त्यांच्याबरोबर जेवलास. अन्नाची भिंत आणि माणसांची भिंत एकच होती. एक राहू द्यायची आणि दुसरी पाडायची, हे शक्यच नव्हते.

ती भिंत किती खरी होती हे समजायला दोनशे वर्षे मागे जावे लागते. इ. स. पू. १६७ च्या सुमारास ग्रीक राजा अंतियोख चौथा याच्या छळात यहुद्यांवर डुकराचे मांस खाण्याची सक्ती झाली. म्हातारा एलाजार, आणि एक आई व तिचे सात मुलगे, यांनी मरण पत्करले पण ते मांस खाल्ले नाही. हा वृत्तान्त दुसऱ्या मक्काबी ग्रंथात आहे. पेत्राची पिढी या आठवणींवर वाढली होती. म्हणून त्याचा नकार हट्टीपणा समजू नये. ज्या नियमासाठी आपल्या माणसांनी प्राण दिले, तो आता बाजूला ठेव असे देव त्याला सांगत होता.

मग डुक्कर, कोळंबी, खेकडे खाल्ले तर पाप लागते का?

नाही. बहुसंख्य ख्रिस्ती पंथांचे उत्तर हेच आहे. रोमकरांस पत्रात (१४:१४) प्रेषित पौल लिहितो की कोणताही पदार्थ मूळचा अशुद्ध नाही. आणि कलस्सैकरांस २:१६ मध्ये, खाण्यापिण्यावरून कोणी तुमचा न्याय करू नये.

तरीही काही ख्रिस्ती लोक डुक्कर खात नाहीत. ते चुकतात का?

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी १८६३ मध्ये संघटित झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, एलेन व्हाइट, यांना आरोग्याविषयी दर्शन झाले ते त्याच वर्षीच्या जूनमध्ये. शास्त्रात अशुद्ध म्हटलेले प्राणी, मद्य आणि तंबाखू यांपासून दूर राहावे ही या मंडळीची अधिकृत शिकवण आहे आणि तिच्यात बरेच जण पूर्ण शाकाहारी असतात. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हा त्यांचा आधार. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स तेवाहेदो मंडळीचे लोकही डुक्कर खात नाहीत. ही परंपरा फार जुनी आहे आणि तिच्या जोडीला वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस उपवासाचे असतात. येशूला मशीहा मानणारे काही यहुदी विश्वासूही आपल्या पूर्वजांचे नियम पाळतात.

यांतले कोणी “डुक्कर सोडल्याने तारण मिळते” असे म्हणू लागले तर, तारण नियम पाळून नव्हे तर विश्वासाने मिळते असे सांगणारे पौलाचे गलतीकरांस पत्र त्याला आडवे येते. पण आपल्या समजुतीने, प्रभूसाठी म्हणून कोणी एखादे अन्न टाळत असेल तर पौल त्याला मोकळीक देतो, आणि त्याला तुच्छ लेखणाऱ्याला झापतो.

यरुशलेमच्या सभेने चार गोष्टी वर्ज्य केल्या होत्या. त्या आज लागू आहेत का?

माझ्या मते हा या विषयातला सर्वांत कठीण प्रश्न आहे, आणि बहुतेक लोक तो ओलांडून पुढे जातात.

इ. स. ४९ च्या सुमारास प्रेषित आणि वडील यरुशलेमेत जमले. प्रश्न होता: यहुदी नसलेल्यांनी विश्वास ठेवला तर त्यांनी सुंता करून मोशेचे सगळे नियमशास्त्र पाळावे का? निर्णय झाला, नाही. पण यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्या सूचनेवरून चार गोष्टी टाळायला सांगितले: मूर्तींना दाखवलेले नैवेद्य, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म. ही यादी मनाला येईल तशी केलेली नाही. लेवीय १७ आणि १८ मध्ये इस्राएलात राहणाऱ्या परक्यांनाही जे नियम लागू होते, त्यांच्याशी ती बरीच जुळते. ज्या गावात यहुदी आणि परराष्ट्रीय विश्वासू एका टेबलावर बसणार होते, तिथे यहुदी भावाच्या घशाखाली घास उतरावा एवढी ही सोय होती, असे बहुतेक भाष्यकार सांगतात.

पण सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी ती तात्पुरती सोय मानली नाही. इ. स. १७७ मध्ये लियों शहरात छळ झाला तेव्हा ख्रिस्ती लोक मुले खातात अशी अफवा होती. बिब्लिस नावाच्या स्त्रीने यातना सोसताना विचारले की, ज्यांना मुक्या जनावराचे रक्तही खाण्याची परवानगी नाही, ते मुले कशी खातील? पुढे शहीद झालेल्या या बाईचे बोलणे मंडळीचा इतिहासकार युसेबियस याने जपून ठेवले आहे. वीसेक वर्षांनी कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन लिहितो की ख्रिस्ती लोकांची परीक्षा पाहायला रक्त भरलेले सॉसेज त्यांच्यापुढे ठेवतात, कारण ते खाणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पश्चिमेकडच्या मंडळीत हा नियम हळूहळू सैल झाला. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर बिशप ऑगस्टिन लिहितो की यहुदी व परराष्ट्रीय यांना एकत्र जोडण्यासाठी तो नियम त्या काळापुरता होता. मानेवर फटका मारून मारलेला ससा खायला आता कोणी ख्रिस्ती कचरत नाही, असेही तो म्हणतो. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या सार्वत्रिक सभेने हीच भूमिका अधिकृत केली: कारण संपले, म्हणून नियमही संपला. पूर्वेकडच्या मंडळीत मात्र ६९२ च्या त्रुल्लो सभेने ६७ व्या नियमाने रक्ताच्या पदार्थांवर पुन्हा बंदी घातली, आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत ती आजवर कोणी औपचारिकपणे उठवलेली नाही.

माझे मत ऑगस्टिनच्या बाजूने झुकते. पण रक्त टाळणाऱ्याला मी मागासलेला म्हणणार नाही. त्याच्या मागे नोहा आहे, यरुशलेमचे प्रेषित आहेत आणि बिब्लिसही आहे.

अर्धवट शिजलेल्या मांसातून लाल पाणी निघते. ते रक्तच ना?

नाही. कापल्यानंतर प्राण्याचे बहुतेक रक्त निघून जाते. तो लाल रंग स्नायूंमधल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा असतो.

यहोवाचे साक्षीदार रक्त घेत नाहीत, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. रक्ताबद्दलची तीच वचने ते रक्त चढवण्यालाही लावतात. ही शिकवण १९४५ पासूनची आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट मंडळ्या ती मानत नाहीत. त्यांच्या मते प्रेषितांचा नियम जेवणाबद्दल होता, आणि दुसऱ्याचा जीव वाचवायला आपले रक्त देणे हे प्रीतीचे काम आहे. मीही तसेच मानतो.

खाण्याचा नियम सोडलात, मग लेवीयमधले बाकीचे का धरता? हे सोयीने निवडणे नाही का?

जुने उत्तर असे की नियमशास्त्राचे तीन भाग आहेत: नैतिक, विधींचे आणि राज्यकारभाराचे. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनासने ही विभागणी नीट मांडली, आणि अँग्लिकन मंडळीच्या ३९ धर्मसूत्रांतही ती आहे. विधींचे नियम ख्रिस्तात पूर्ण झाले, नैतिक आज्ञा कायम राहिल्या. हे उत्तर उपयोगी आहे, पण लेवीय स्वतः अशी विभागणी करत नाही. १९ व्या अध्यायात शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर ही आज्ञा आहे, आणि लगेच पुढच्या वचनात दोन प्रकारच्या सुतांचे कापड वापरू नको ही.

म्हणून मला दुसरे उत्तर जास्त प्रामाणिक वाटते. ख्रिस्ती माणूस जुना करार नव्या करारातून वाचतो. अन्नाचा नियम आम्ही आमच्या जिभेसाठी सोडलेला नाही. नव्या कराराने नाव घेऊन, अनेक ठिकाणी, वाद घालून तो सोडवला आहे. शेजाऱ्यावरच्या प्रीतीची आज्ञा मात्र येशूने उचलून सर्वांत वर ठेवली. ज्या विषयावर नवा करार गप्प आहे तिथे ख्रिस्ती लोकांत खरोखर वाद होतात, आणि ते व्हायलाही हवेत.

दुसऱ्या धर्माच्या देवाला वाहिलेले अन्न खावे का?

करिंथच्या मंडळीने पौलाला हाच प्रश्न लिहून विचारला होता, आणि त्याने तीन अध्याय त्यावर खर्च केले आहेत (१ करिंथकरांस ८ ते १०). एका ओळीत “हो” किंवा “नाही” म्हणणारे लोक त्यांतला एखादाच अध्याय वाचतात.

पौल प्रसंग वेगळे करतो. देवळातल्या पूजेत सहभागी होऊन तिथल्या पंक्तीला बसणे त्याला चालत नाही. प्रभूचे मेज आणि ते मेज, दोन्हींचे वाटेकरी होता येत नाही. बाजारात विकायला आलेले मांस मात्र चौकशी न करता खुशाल खा, कारण पृथ्वी आणि तिच्यावरचे सर्व काही प्रभूचे आहे. त्या काळी बाजारातले पुष्कळसे मांस देवळातून आलेले असे, हे पौलाला माहीत होते. विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावले आणि तुम्हाला जायचे असेल, तर पानात पडेल ते खा. आणि तिथे कोणी मुद्दाम सांगितले की हे नैवेद्याचे आहे, तर खाऊ नका. पण तुमच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी नव्हे, सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी.

या शेवटच्या वाक्यावर थांबून विचार करावा. मूर्ती म्हणजे काहीच नाही, अन्न तेच आहे, तरी खाऊ नको. कारण त्या घासाचा अर्थ आता दुसऱ्या माणसाच्या मनात ठरतो आहे. दुसरीकडे, प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना नैवेद्य खाण्यावरून कडक शब्दांत सुनावले आहे. त्यामुळे आजही काही मंडळ्या सरसकट नको म्हणतात आणि काही पौलाप्रमाणे प्रसंग पाहतात. मला पौलाची रीत योग्य वाटते, पण ती पाळायला अवघड आहे, कारण तिच्यात दर वेळी समोरच्याला ओळखावे लागते. नकार द्यायचाच असेल तर हात जोडून, प्रेमाने द्यावा. अन्न आणून देणाऱ्याने आपुलकीने आणलेले असते, आणि त्याच्या देवाची टिंगल करून कोणी ख्रिस्ताजवळ येत नाही.

हलाल किंवा कोशर (यहुदी नियमांनुसारचे) मांस ख्रिस्ती माणसाला चालते का?

चालते. बाजारातल्या मांसाबद्दल पौलाने जे सांगितले तेच इथे लागू पडते, आणि बहुतेक मंडळ्या तेच सांगतात. कोणाचे मन मानत नसेल तर त्याने घेऊ नये. संशय धरून खाणे बरे नाही असे रोमकरांस १४:२३ म्हणते.

पौल ज्याला “अशक्त” म्हणतो तो भाऊ कोण?

इथे भले भले वाचक उलटे समजतात. आपल्याला वाटते, कडक नियम पाळणारा तो विश्वासात बळकट. रोमकरांस १४ मध्ये, केवळ शाकभाजी खाणारा, नियमांना घाबरणारा तो अशक्त आहे आणि सर्व काही खाणारा सशक्त. पण पौल सशक्ताला शाबासकी देऊन सोडत नाही; सगळे ओझे त्याच्याच खांद्यावर टाकतो. तुझ्या खाण्याने भाऊ दुखावत असेल तर तू प्रीतीने चालत नाहीस, असे तो सांगतो.

“अडखळण” म्हणजे केवळ कोणाला न आवडणे नव्हे. तुमचे पाहून एखादा आपल्या मनाविरुद्ध खातो आणि आतून मोडतो, त्याला पौल अडखळण म्हणतो. मंडळीतल्या एखाद्या वजनदार माणसाने “मला आवडत नाही, म्हणून कोणीच खाऊ नका” म्हणणे वेगळे. तसा दबाव अंत्युखियात आला होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसे आली आणि पेत्र परराष्ट्रीय भावांच्या पंक्तीतून उठून वेगळा बसू लागला. तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर विरोध केला (गलतीकरांस २). त्या दिवशी पेत्राने नियमाला धरूनच जेवण केले होते. चूक होती ती भावांना सोडून उठण्यात.

शुक्रवारी मांस नको आणि मासे चालतात, हा नियम लेवीयमधून आला का?

नाही, त्याचा लेवीयशी काही संबंध नाही. तो प्रायश्चित्ताचा नियम आहे: येशू शुक्रवारी मरण पावला, म्हणून त्या दिवशी मेजवानीचे अन्न सोडायचे. अगदी आरंभीच्या मंडळीतही बुधवार आणि शुक्रवार उपवासाचे होते. कॅथलिक मंडळीच्या १९८३ च्या कायदासंहितेनुसार वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांनी मांस वर्ज्य करायचे, आणि राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) व उत्तम शुक्रवार या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांनी उपवासही करायचा. इतर शुक्रवारी मांसाऐवजी दुसरे प्रायश्चित्त ठरवण्याची मुभा त्या त्या देशाच्या बिशप परिषदेला आहे.

ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचे उपवास याहून कडक: मांस, मासे, अंडी, दूध आणि पुष्कळ दिवशी तेल व द्राक्षारसही नाही. पण कोळंबी आणि शिंपल्या चालतात. लेवीयने ज्या नेमक्या वर्ज्य केल्या, त्याच उपवासाच्या ताटात! दोन्ही नियमांची मुळे किती वेगळी आहेत हे यावरून कळते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असे बंधन नाही. १५२२ मध्ये उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी झुरिकमधील मुद्रक फ्रोशाउअर याच्या घरी काही जणांनी सॉसेज खाल्ले. झुरिकचा धर्मोपदेशक झ्विंगली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण नंतर प्रवचन करून खाणाऱ्यांची बाजू घेतली. स्विस धर्मसुधारणेची पहिली ठिणगी ती. झ्विंगली उपवासाविरुद्ध नव्हता. ज्याला करायचा त्याने करावा, सक्ती नको, एवढेच त्याचे म्हणणे होते.

दारूचे काय?

काना गावी येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. तोच पौल इफिसकरांस पत्रात मद्याने मस्त होऊ नका म्हणतो, आणि नीतिसूत्रांतले दारूड्याचे वर्णन वाचून कोणाचेही डोळे उघडावेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन आणि अँग्लिकन मंडळ्यांत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीला, द्राक्षारस वापरतात. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, साल्व्हेशन आर्मी यांच्यात मद्यत्यागाची परंपरा बळकट आहे. १८६९ मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षांचा रस न आंबता टिकावा अशी रीत बसवली, ती प्रभुभोजनासाठीच. ज्या घरात व्यसनाने कोणाचा संसार मोडला आहे, तिथे एक पेलाही टेबलावर ठेवू नये असे मी ठामपणे म्हणतो. अडखळण म्हणजे काय, ते अशा घरात समजते.

ख्रिस्ती माणूस शाकाहारी असू शकतो का?

जरूर. उत्पत्ति १:२९ मध्ये माणसाला आधी वनस्पतीच दिल्या आहेत; मांसाची परवानगी जलप्रलयानंतरची. सहाव्या शतकात मठजीवनाचे नियम घालून देणाऱ्या बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना चार पायांच्या प्राण्यांचे मांस मना केले, फक्त फार आजारी असलेल्यांना सूट दिली. मात्र मांस खाणारा माणूस तारणास मुकतो असे कोणी शिकवू लागले तेव्हा चौथ्या शतकात गंग्रा इथल्या सभेने त्या शिकवणीला धिक्कारले. प्राण्यांवरच्या दयेने, प्रकृतीसाठी किंवा साधे राहायचे म्हणून मांस सोडणे चांगले. त्याच्या जोरावर दुसऱ्याला खालचा ठरवणे नाही.

जेवणाआधी प्रार्थना केल्याने अन्न शुद्ध होते का?

अन्न आधीच देवाचे आहे. १ तीमथ्य ४ मध्ये पौल म्हणतो की देवाने निर्माण केलेले सर्व चांगले आहे, उपकारस्तुती करून घेतले तर टाकाऊ काही नाही. प्रार्थनेत आपण त्याचे आभार मानतो. मंत्राने अन्न बदलत नाही.

मग ख्रिस्ती माणसाच्या जेवणाला कोणताच नियम नाही का?

आहेत, आणि आपण त्यांच्याकडे सर्रास डोळेझाक करतो. खादाडपणाला मंडळीने शतकानुशतके सात महापापांत मोजले, पण त्यावर आज किती प्रवचने होतात? डुकराबद्दल तासभर वाद घालणारे लोक ताटात टाकलेल्या अन्नाबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

पौल जेवणावरून सर्वांत जास्त चिडला तो कोणत्या प्राण्यावरून? कोणत्याच नाही. १ करिंथकरांस ११ वाचा. मंडळी प्रभुभोजनाला जमे, आणि आधी आलेले, खाऊन-पिऊन सुखी असलेले लोक आपापले जेवण उरकून घेत. उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. एक भुकेला, एक मस्त झालेला. याला प्रभुभोजन म्हणता येत नाही, असे पौल सांगतो. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. इथे त्याने प्रसंगानुसार सूट दिलेली नाही.

पाहुणे वेगवेगळे नियम पाळणारे असतील तर यजमानाने काय करावे?

आधी विचारावे. “काय खात नाही?” हा प्रश्न बोलावतानाच करावा, ताट वाढल्यावर नको. सगळ्यांना चालेल असे निदान दोन-तीन पदार्थ करावेत आणि ते सगळ्यांनीच घ्यावेत, म्हणजे नियम पाळणारा एकटा पडत नाही. पदार्थात जिलेटिन, चरबी, मांसाचा रस्सा किंवा मद्य असेल तर न विचारता सांगावे, गुपचूप खाऊ घालून “बघ, काही झालं का?” म्हणणे ही फसवणूक आहे, मग तुमचे धर्मज्ञान कितीही बरोबर असो. आग्रह एकदाच करावा. आणि पाहुणे तुम्ही असाल तर आपला नियम थोडक्यात सांगून मोकळे व्हावे, यजमानाच्या ताटावर शास्त्रार्थ सुरू करू नये. त्याने विचारले तर मात्र निवांत बसून सांगावे, जेवणे झाल्यावर.